इथे न दिसणारं ग्रहण

आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर घोड्यावरून बंगळूरला आले, आणि त्यानंतर आमच्या घरातलं कोणी शहराजवळच्या होसकोटे गावाच्या पुढे फारसं गेलेलं नाही. त्यामुळे एक्याण्णव सालच्या मार्चमध्ये मी जेवताना जाहीर केलं, की जुलैत मी कोस्टारिकाला जाणार, तेव्हा माझ्या सासूबाईंना ते होसकोटेकडचं एखादं नवं लेआउट, म्हणजे नवी वसाहत, वाटलं. सासूबाई म्हणजे कृष्णाबाई. आमच्याकडे सासूला अत्ते म्हणतात.

गिरीराजचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, भूगोल जरा बरा. तिथे आत्ताआत्तापर्यंत लढाई चालली होती ना, असं त्याने विचारलं. लढाई शेजारच्या देशात होती आणि ती संपली, असं मी सांगितलं. अकरा जुलैला तिथे खग्रास सूर्यग्रहण होतं. भर दुपारी पाचेक मिनिटं अंधार पडणार होता, आणि तो मला बघायचा होता.

ग्रहण म्हटल्यावर अत्तेंनी ताट बाजूला सारलं.

मी बसवनगुडीतल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढते आणि सावली खडूने रंगवते. ऐंशी साली खरं ग्रहण रायचूरवरून गेलं, तेव्हा शाळेतल्या सगळ्या शिक्षिका गाडीने गेल्या. माझ्या पोटात हर्षिता होती. अत्तेंनी मला आतल्या खोलीत बसवलं, दाराला कडी घातली आणि बाहेर जपाला बसल्या. कात्रीला हात लावायचा नाही, कूस बदलायची नाही. रायचूरहून परत आलेल्या बायका आठवडाभर नीट बोलू शकत नव्हत्या, इतकं त्यांनी बघितलं होतं. मला त्यांचा हेवा वाटला आणि अजूनही वाटतो.

या वेळी मी हट्टालाच पेटले. शहरातल्या हौशी आकाशनिरीक्षकांची एक तुकडी जाणार होती, तीत नाव घातलं. सगळ्यात स्वस्त मार्ग मॉस्कोवरून होता, म्हणजे उजव्या हाताने डावा कान धरण्यासारखा, आणि शेवटचा टप्पा बसने. पावसाळा तिकडेही असतो, म्हणून त्यातल्या त्यात कोरडा पश्चिम किनारा निवडला. मुक्काम एका शाळेच्या वर्गात, जेवण आपापलं. माहेरच्या पाटल्या मोडल्या, त्यावर मी घरात चर्चा होऊ दिली नाही. मुख्याध्यापिकाबाई जुलैत रजा देईनात, तेव्हा त्यांना म्हटलं, परत आल्यावर प्रत्येक वर्गाला ग्रहण मी शिकवीन. त्यांनी कशीबशी आठवड्याची रजा दिली.

राहिल्या अत्ते. त्यांनी एकच वाक्य सांगितलं. "तू ग्रहणात उघड्यावर उभी राहणार असलीस, तर मी लेकीकडे होसकोटेला जाते."

त्या गेल्या की संपलंच. गिरीराजची पाळी रात्रीची, अकरा वर्षांच्या हर्षिताला घरी एकटी ठेवता येणार नव्हती. हे अत्तेंना पक्कं ठाऊक होतं.

मग मी डोकं चालवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. आमच्या घरी पूजा सांगायला हयवदनाचार येतात. त्यांना पंचांग घेऊन बोलावलं आणि अत्तेंसमोर विचारलं, हे ग्रहण आपल्याला लागू आहे का. आचारांनी शांतपणे सांगितलं, की जिथे ग्रहण दिसत नाही तिथे ते पाळायचं नसतं. इथे तेव्हा रात्र असणार, म्हणून वेध नाहीत, स्नान नाही, काही नाही.

मी विजयी मुद्रेने अत्तेंकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला.

"आणि आचार, ही जाते तिथे?"

"तिथे दिसेल. तिथे पाळायचं," आचार म्हणाले आणि कॉफी प्यायले.

मला इतका राग आला, की मी आचारांना पेठेपर्यंत सोडायलाही गेले नाही. बोलवायचं मीच, आणि साक्ष त्यांची अत्तेंच्या बाजूने. गिरीराज तोंडावर वर्तमानपत्र धरून हसत होता. अत्ते त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. मी माघार घेतली नाही. रोज शाळेतून आल्यावर पिशवी भरत राहिले: भाताबरोबर खायची कोरडी चटणीपुडी, अवलक्की म्हणजे पोहे, हर्षिताने केलेला काळ्या काचांचा चष्मा.

निघायच्या आदल्या दिवशी अत्तेंनी स्वयंपाकघरात हाक मारली. होसकोटेचं गाठोडं बांधलं असणार, असं धरून मी गेले. त्यांनी विचारलं, "तिथे लागेल तेव्हा इथे किती वाजलेले असतात गं?"

मध्यरात्र उलटून गेलेली असेल, मी म्हटलं.

"सरी, ठीक आहे. मग त्या दिवशी हर्षिताला लवकर वाढते. मी संध्याकाळपासून काही खात नाही, सुटेपर्यंत जपाला बसते."

मला काही कळेना. "अत्ते, इथे पाळायचं नाही म्हणाले ना आचार?"

"आचारांना काय, त्यांच्या घरचं कोण जातंय तिथे? माझ्या घरचं माणूस ग्रहणात उभं राहणार, आणि मी पोटभर जेवून झोपू होय?"

चार महिने मी या बाईशी भांडायची तयारी करत होते.

त्यांनी चटणीपुडीचा डबा उघडला, ग्रहणात अन्नावर ठेवतात तशी आत दर्भाची काडी ठेवली आणि झाकण घट्ट दाबलं. म्हणाल्या, "हे एवढं तरी पाळ. ऐंशी साली कडी मीच घातली होती. या वेळी स्वल्प नीट बघून ये, आणि मला सांग कसं असतं ते."

मी वाकून नमस्कार केला आणि डबा पिशवीत सगळ्यात वर ठेवला.