तीन राजे, पाच बदाम

गुणाजीच्या पुढ्यात साडूचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोला, नाव काढायचीही गरज नसायची. कुणी नुसतं 'पेण' म्हटलं तरी पुरे. पेणला त्याचा साडू राहायचा, कमळाकर. धाकट्या मेव्हणीचा, मैनाचा नवरा. कमळाकरनं तिथं कॉम्प्युटरचे क्लास काढले होते आणि नव्याण्णव साली चक्क इंटरनेट आणलं होतं. गुणाजी रोह्याचा. धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, आठ वर्षं जुना, थोरला जावई. पण हमरापूरला सासऱ्यांच्या गणपतीच्या कारखान्यात पाऊल टाकलं की नाथामामा रंगाचा ब्रशही खाली न ठेवता विचारणार, "कमळाकर भेटला काय वाटंत?" आता हा काय प्रश्न झाला? दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावं की दुसऱ्या जावयाचा पत्ता?

त्यात त्या वर्षी मामांचे गुडघे धरले. पोटी दोन मुलीच, मुलगा नाही. "औंदा माझ्यानं पाटावर बसवायचं नाय. घरच्या गणपतीच्या पूजंला जावई बसंल," ते म्हणाले. कुठला जावई, ते काही बोलले नाहीत. गुणाजीनं मात्र मनातल्या मनात ठरवून टाकलं, कमळाकरच. दुसरा कोण!

"अवो, तुमी थोरले. तुमालाच बसवतील," बायको शकू म्हणाली.

"तुझ्या बापाला थोरला कधी दिसलाय?" गुणाजी खेकसला आणि जेवता जेवता ताटावरून उठला. त्या पूजेत त्याचा जीव अडकला होता. सगळ्या हमरापूरसमोर, सासऱ्याच्या जागी, पाटावर आपण बसलोय, एवढं एकदा तरी त्याला व्हायला हवं होतं.

आता या जगात एकच गोष्ट गुणाजीला कमळाकरपेक्षा बरी यायची, ती म्हणजे पत्ते. कंपनीच्या बसमध्ये मांडीवर टॉवेल पसरून तीनपत्ती सुरू झाली की त्याच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. दिवाळीत कमळाकरनंच त्याला कॉम्प्युटरवरचा पोकर शिकवला होता. दोन पत्ते आपल्याकडं झाकलेले, पाच मधे उघडे पडणार, आधी तीन, मग एक, मग एक. सातांतले चांगले पाच धरायचे. पैशांचा संबंध नाही, लावायला फुकटच्या चकत्या मिळायच्या. रोह्यात स्टेशनजवळ इंटरनेटचं दुकान निघालं तसा गुणाजी तिथं जाऊन हात साफ करू लागला.

एक दिवस त्यानं बूथवरून पेणला फोन लावला. "रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर बस माझ्यासमोर. ज्याच्या चकत्या संपतील तो हरला. जो जिंकंल तो मामांकडं पूजंला बसंल."

पलीकडं कमळाकर हसला. "दादा, काय हे! अहो, तुम्हीच बसा ना पूजेला. मी कशाला मधे?"

झालं! गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझी भीक नको मला. खेळतोस का घाबरलास?"

"बरं, खेळू. पण मग राग धरायचा नाय, दादा." म्हणजे आपण हरणार हे यानं धरूनच टाकलं की काय! गुणाजीनं फोन आपटला.

रविवारी इंटरनेटच्या दुकानात प्लायवूडच्या आडोशाला गुणाजी बसला. लाइन मधेच तुटायची, परत जोडायची, तोवर हा नखं खायचा. बराच वेळ दोघांच्या चकत्या सारख्याच राहिल्या. आणि मग त्याच्या हातात आले दोन राजे. मधे तीन पत्ते उघडले. इस्पिकचा राजा, बदामची नव्वी, बदामची चव्वी. तीन राजे! तीनपत्तीत तीन राजे म्हणजे ट्रेल. वर असलेच तर फक्त एक्के. गुणाजीला घाम फुटला, आनंदाचा.

इथंच घोळ झाला. तीनपत्तीत एकदा वाटलेले पत्ते बदलत नाहीत. ट्रेल आली की शहाणा माणूस हळूहळू चाल देतो, समोरचा पळू नये म्हणून. पण इथं अजून दोन पत्ते पडायचे होते आणि मधे दोन बदाम उघडे बसले होते. साडूच्या हातात आणखी दोन असले आणि एक वरून पडला, की झाले पाच बदाम. आणि पोकरमध्ये एका रंगाचे पाच पत्ते तीन राजांना खाऊन टाकतात. म्हणून अशा वेळी लगेच मोठं लावायचं असतं, पुढचा पत्ता बघणं समोरच्याला महागात पाडायचं असतं. गुणाजीला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण ते सांगितलं होतं कमळाकरनं. आणि कमळाकरनं सांगितलेलं गुणाजी ऐकणार? नाव नको!

शिवाय त्याला नुसतं जिंकायचं नव्हतं. साडू पत्ते टाकून सुटला तर काय मजा? त्याला शेवटच्या चकतीपर्यंत ओढायचा होता. त्यानं अगदी थोड्या चकत्या लावल्या. कमळाकरनंही तेवढ्याच लावल्या, डावात आला. चौकटची दुर्री पडली. गुणाजीनं परत थोड्या लावल्या, कमळाकर परत आला. "ये बाबा, ये," गुणाजी पुटपुटला.

पाचवा पत्ता पडला, बदामची राणी. आणि कमळाकरनं होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चकत्या पुढं सारल्या.

"गावला!" गुणाजी ओरडला आणि आपल्याही सगळ्या ढकलून मोकळा झाला. पत्ते उघडले. बदामचा एक्का, बदामची सत्ती. मधले तीन धरून पाच बदाम. गुणाजी पडद्याकडं बघतच राहिला. त्याच्या नावापुढं शून्य आलं होतं.

गणेश चतुर्थीला दोघे साडू हमरापूरला हजर. पाट मांडला, गुरुजी आले, ओटीवर आळी जमली. मामा काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "गुणाजी, बसा."

गुणाजीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. मामा हसले. "आषाढातच तुमच्या सासूला बोललो व्हतो मी, थोरला बसंल. तुमाला मुद्दाम कळवला नाय. म्हटलं, आयत्या वेळंला बसवू, खूश व्हईल."

त्याचंच होतं ते! त्याच्या हातात होतं, आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं डावावर लावून घालवलं होतं. कमळाकर मागं सरकून उभा होता. आता नुसतं बसायचं होतं. कुणाला काय कळणार होतं? पण पत्त्यातला शब्द गुणाजीनं बसमध्येसुद्धा कधी मोडला नव्हता. साडूसमोर मोडून जन्मभर त्याच्या उपकाराखाली राहायचं?

"नाय मामा," तो कसाबसा बोलला, "कमळाकरला बसवा. धाकटा हाय."

"मामा, दादाच बसू देत, खरं तर..." कमळाकरनं तोंड उघडलं. गुणाजीनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो थांबला. मग पाटावर जाऊन बसला.

ओटीवर कुजबुज झाली. सासूनं, बायजाबाईनं डोळ्यांना पदर लावला. शकूचा चेहरा तर अभिमानानं फुलून आला. मामा काठी टेकत टेकत आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत गुणाजीच्या पाठीवर हात ठेवला. "बघा रे," ते म्हणाले, "मोठेपणा काय असतो तो माझ्या थोरल्या जावयाकडनं शिका."

या एका हातासाठी गुणाजी आठ वर्षं जळला होता. तो आज मिळाला, आणि मिळाला कशामुळं, तर पाटावर पाठमोरा बसलेला कमळाकर तोंड मिटून राहिला म्हणून. आरती सुरू झाली, सगळे टाळ्या वाजवू लागले, आणि गुणाजीही त्या पाठीकडं बघत टाळ्या वाजवू लागला.