पादुकांचा कौल

अर्धापूरजवळच्या आमच्या गावात त्या दुपारी पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. केळीच्या बागा करपल्या होत्या. कुणीतरी करणी केली, असं ठरलं आणि करणारीण शोधायला महाराज आले. चौरंगावर देवीचा मुखवटा, पुढं दोन चांदीच्या पादुका. एकेका बाईनं दोन्ही पादुकांवर हात ठेवायचे. देवीचे डोळे हिरवे राहिले तर सुटका, लाल झाले तर गावाबाहेर.

"कोर्ट चुकंल, माझी माय चुकणार न्हाई!" महाराज गरजले.

सहाजणी सुटल्या. सातवी माझी एकटी राहणारी शेजारीण, कावेरीबाई. तिनं हात ठेवले आणि डोळे लालभडक झाले.

"म्या काय केलं न्हाई वो!"

गर्दीतल्या हातांनी ओढलं आणि तिचा पदर टरकन फाटला. पुढची मीच होते.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ऋतुजा मॅडम कानाशी कुजबुजल्या, "साखराआजी, महाराजांनी सहाजणींच्या हाताला कोरडं भस्म लावलं. कावेरीबाईलाच तेवढं तीर्थ लावलं."

महाराजांनी मला भस्म दिलं. मी ते न लावता हात तीर्थाच्या ताम्हनात बुडवले आणि पादुकांवर ठेवले. डोळे लाल!

"म्हातारी बी तसलीच हाय!" गर्दी अंगावर आली.

"थांबा!" मॅडमनी पूजेला बांधलेल्या केळीच्या खांबाचा ओला तुकडा मोडून दोन्ही पादुकांवर आडवा टाकला. पुन्हा लाल. "आता सांगा, केळीनंच केळीवर करणी केली का?"

महाराज झेपावले, पण गर्दीतल्या माउली पाटलानं आधीच चौरंग उलटा केला. खाली बॅटरी, वायरी आणि काडेपेटीएवढी पट्टी.

"हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे इवलासा संगणक," मॅडम म्हणाल्या. "याच्या या पायांना पिन म्हणतात. पादुकांची पिन इनपुट, ती खबर आत आणते. डोळ्यांतल्या दिव्यांची पिन आउटपुट, ती हुकूम बाहेर नेते. तीर्थ चाखा, खारट हाय. खाऱ्या ओल्या हातातून वीज जास्त वाहते. तशी वाहिली की लाल दिवा लाव, असं आत लिहून ठेवलंय. त्याला कोड म्हणतात. तो माणसानं लिहिलाय, देवीनं न्हाई."

"मग बागा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"करपा रोग हाय. कृषी सहायकाला दाखवा."

महाराजाला पोलिसांनी नेलं. पण कावेरीबाईचा पदर फाडणारे हात आमच्याच गावचे होते, ते कुणी नेले नाहीत.

मी साठाव्या वर्षी अक्षरं शिकले. तोवर कागदावरचं सगळं मला मंतरलेलं वाटायचं, आणि सांगतील तिथं मी अंगठा उठवायची. म्हणून सांगते, जे कळत नाही त्यापुढं हात जोडण्याआधी त्याच्या खाली काय आहे ते बघा. भीती वाटेल, मलाही वाटली. भीत भीत का होईना, चौरंग उलटा करा.