दांड्याचं मशीन

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात, नवव्या मजल्यावर, सहा जणांनी कॉफीचा एकेक घोट घेतला. चौघांनी कप खाली ठेवले. सेल्समधल्या नयनने दुसरा घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"ठमामावशी, कॉफी सांगितलेली, काढा नाही. कोणाला ताप आलाय?"

सगळे हसले. मशीनसमोर उभ्या असलेल्या ठमाबाई हसल्या नाहीत. ग्राइंडरखाली सांडलेली चिमूटभर पूड त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिली.

"बारीक पडलीय," त्या म्हणाल्या. "साहेब, दोन मिन्टां द्या. ही फेकून दुसरी करून देते."

हर्षित सरांनी घड्याळ पाहिलं. ठाण्याचं ऑफिस त्यांच्या हाताखाली होतं. "विनिता, काय करायचं? मला साडेतीनचा कॉल आहे."

विनिता खेडेकर ॲडमिन पाहायची. पूड बारीक का पडली हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

आदल्या दिवशी साडेपाचला ठमाबाई घरी गेल्यावर तिने स्वतःसाठी एक कप करून पाहिला होता. महिनाभर ती रात्री डोंबिवलीच्या घरी कॉफीचे व्हिडिओ पाहत होती. पूड जितकी बारीक तितकी कॉफी कडक, एवढं त्यातून तिच्या लक्षात राहिलेलं. तिने ग्राइंडरची चकती दोन खुणा पुढे फिरवली. कॉफी थेंब थेंब गळली, कडू झाली, तिने ती बेसिनमध्ये ओतली. तेवढ्यात लिफ्टवाल्यांचा फोन आला. चकती तशीच राहिली, आणि मंगळवारी मशीन थेट चाचणीलाच सुरू झालं. मशीन विक्रेत्याने चाचणीपुरतं ठेवलेलं होतं आणि 'ठमाबाईंशिवाय कोणीही हात लावू नये' ही चिठ्ठी विनितानेच त्यावर चिकटवली होती.

"चालेल सर," ती म्हणाली. "वेळ नाहीये तर राहू दे."

"सॉरी साहेब," ठमाबाई म्हणाल्या. "माजा हात चुकला."

विनिताने कप ट्रेमध्ये गोळा केले.

ऑफिसात अकरा वर्षं फिल्टर कॉफी होती. स्टीलचा मोठा फिल्टर, सकाळी आठला घातलेलं डिकॉक्शन, आणि ठमाबाई. तेव्हा माणसं बावीस होती. आता सत्तर झाली आणि डिकॉक्शन अकरालाच संपू लागलं. नवं मशीन घ्यायचं ठरलं. विनिताने हे काम तिच्या सगळ्या कामांसारखं केलं. पँट्रीच्या ओट्याची रुंदी मोजली, प्लग मोठा लागेल का पाहिलं, तीन दुकानं फिरली. कॅप्सूलचं मशीन तिने कचऱ्यामुळे बाद केलं. उरली दोन. एकात बटण दाबलं की ते दाणे दळून, दूध तापवून, कप भरून देतं. दुसऱ्यात पूड दांड्यातल्या वाटीत भरून, दाबून, दांडा मशीनला अडकवावा लागतो. त्याला माणूस लागतो. ठमाबाई पहिल्याला बटणाचं म्हणत, दुसऱ्याला दांड्याचं.

दांड्याचं त्यांना तीन दिवसांत जमलं. विक्रेत्याचा माणूस वजनकाटा घेऊन शिकवायला आलेला. चौथ्या दिवशी त्याने काटा परत पिशवीत घातला. "मॅडम, यांना नको," तो विनिताला म्हणाला. "यांच्या बोटांना कळतंय." आठवडाभर जो कोणी पँट्रीत गेला तो दुसरा कप घेऊनच बाहेर आला. निवड फक्त मंगळवारच्या चाचणीवर व्हायची होती, कारण हर्षित सर त्याच दिवशी ठाण्यात होते.

बुधवारी विनिताने टिपण लिहिलं. दोन मशीनं, पाच निकष. दांड्याच्या मशीनपुढे तिने लिहिलं: 'चव चालवणाऱ्यावर अवलंबून. चवीत सातत्य नाही.' वाक्य दोनदा वाचलं. मंगळवारच्या कपापुरतं ते खरं होतं. तिने टिपण पाठवून दिलं.

बटणाचं मशीन आलं. कॉफी ठीक येते. रोज सारखीच ठीक येते. महिनाअखेरीपासून पँट्रीत माणसाची गरज राहिली नाही.

ठमाबाई जाताना सगळ्यांना भेटून गेल्या. नयन म्हणाला, "मावशी, मशीन बंद पडलं की तुम्हालाच बोलावणार हां."

"बंद पडंल तवा बगू. तोवर ताप येऊ देऊ नको रे बाबा," त्या म्हणाल्या. विनिताच्या हातात त्यांनी पँट्रीची किल्ली दिली. "मॅडम, दांड्याचं आनून तुमी लय खटपट केली माज्यासाठी. मीच कमी पडले."

पुढल्या शुक्रवारी राकेशचा फोन आला. ठमाबाई ज्या कंत्राटदाराकडून ऑफिसात होत्या, त्याचा हा सुपरवायझर.

"मॅडम, ठमाबाईंना दुसरीकडे टाकायचं बघतोय, पण तुमच्या ऑफिसचं पत्र आलंय ना. शेरा मारलाय त्यात. असं लिहिल्यावर कोण घेणार?"

"कसला शेरा?"

"वाचतो. 'पेय बनवण्याच्या कामात चवीत सातत्य नाही.'"

वाक्य विनिताचं होतं. मशीनपुढचं उचलून कोणीतरी बाईंपुढे लावलं होतं.

रविवारी ती ओवळ्याला गेली. टॉवरांच्या मागे गावातली जुनी घरं अजून आहेत, त्यातलं एक ठमाबाईंचं. शेत दिरांनी कधीच विकलेलं, ठमाबाईंच्या वाट्याला दोन खोल्या आल्या होत्या. त्या ओटीवर बसलेल्या.

"या मॅडम! नवव्या माळ्यावरून एकदम खाली?" त्या हसल्या. "दिशा, चाय टाक गो."

दिशा त्यांची सून. ती आत गेल्यावर विनिता म्हणाली, "तुमच्या हातचा नाही का मिळणार?"

"आता तीच करते. मी नाय जात गॅसपाशी." ठमाबाईंनी उजवा हात मांडीवर उलटा-सुलटा करून पाहिला. "अकरा वर्सां एक कप परत नाय आला. त्या दिवशी साहेबांसमोर सहाच्या सहा. वय जालं, दुसरा काय? परवा भाकरी केली, ती पन मना जाड वाटली."

"जाड नव्हती आई," दिशा आतून म्हणाली. "मी तीन खाल्ल्या."

"तू काय, तू पुठ्ठा पन खाशील."

चहा आला. विनिताने कप घेतला नाही.

"ठमाबाई, तुमचा हात चुकला नव्हता. चकती मी फिरवलेली. सोमवारी, तुम्ही गेल्यावर. परत जागेवर आणायची विसरले. आणि तुम्ही दोन मिनिटं मागितलीत तेव्हा मला आठवलं होतं."

ठमाबाई पुढे सरकून बसल्या.

"किती फिरवली?"

"दोन खुणा."

"दोन." त्यांची बोटं आपोआप एकमेकांवर चोळली गेली. "मना एक वाटली होती." मग त्या आत वळून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलास का गो दिशा? दोन खुणा! माजा हात बरोबर होता!"

"ऐकलं," दिशा दारात येऊन म्हणाली. ती विनिताकडे बघत होती, आणि ते बघणं चांगलं नव्हतं.

ठमाबाईंचं हसू ओसरायला थोडा वेळ लागला.

"तवा का नाय बोललीस?"

अकरा वर्षांत त्यांनी विनिताला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"भीती वाटली."

"कुनाची? साहेबाची?"

विनिताने विचार केला. हर्षित सर रागावले नसते. फार तर हसले असते. त्या चिठ्ठीवर, सगळ्यांसमोर. "नाही," ती म्हणाली. "विनिताची चूक होत नाही असं म्हणतात सगळे. तेवढ्यासाठी."

"मंग आता बोल. मना नको सांगू, मना कललं. ज्यानी ती पिली त्याना सांग." त्या उठल्या आणि आत गेल्या. गॅसची शेगडी पेटल्याचा आवाज आला.

सोमवारी सकाळी नऊ पन्नासला विनिताने चाचणीला हजर असलेल्या सहा जणांना मेल पाठवली. आठ ओळी. वार, वेळ, चकतीच्या खुणा, आणि आपण गप्प राहिलो हे. शेवटी विनंती: कंत्राटदाराला गेलेल्या पत्रातलं वाक्य मागे घ्यावं. पत्रावर हर्षित सरांची सही होती, बदलायचा अधिकार त्यांचाच.

नयन तिच्या टेबलाशी आला. "काय मॅडम, सीसीटीव्ही निघाला काय? नाही तर कोणाला कळणार होतं?"

"ठमाबाईंना कळलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी पूड चोळून सांगितलेलं. तू तिथेच होतास."

तो कप घेऊन निघून गेला. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी मेलला 'थम्ब्स-अप'चं चिन्ह टाकलं. लंचला तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, पण तशी ती अधूनमधून राहायचीच.

दुपारी हर्षित सरांचं उत्तर आलं. 'वाचलं. प्रामाणिकपणा आवडला. मशीन आता घेतलेलं आहे. पत्राचं बघतो.' मंगळवारी तिने आठवण करून दिली. ते बेंगळुरूला गेले होते.

गुरुवारी राकेशने कळवलं की वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसला पँट्रीसाठी बाई हवी आहे. तिथे दांड्याचंच मशीन आहे. नाव शनिवारी पाचपर्यंत द्यायचं. शेरा गेला तर तो ठमाबाईंचंच देणार होता. त्याने ठमाबाईंनाही सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की ग्राइंडर कुठला आहे.

विनिताने हर्षित सरांना गुरुवारी दोन आणि शुक्रवारी तीन फोन केले. शुक्रवारी रात्री त्यांचा मेसेज आला: 'प्रवासात आहे. सोमवारी बोलू.' शनिवारी सकाळी तिने पत्राचा दुरुस्त मसुदा त्यांना पाठवला, फक्त होकार कळवा म्हणून.

चार वाजून चाळीस मिनिटांनी राकेशचा फोन आला.

"मॅडम, काय झालं?"

"अजून वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली.

"माझ्याकडे दुसरं नाव तयार आहे. पाचला मला एक पाठवायचंच आहे."

हर्षित सरांनी मसुदा चार पंचवीसला उघडल्याची पोच मेलवर आली होती. चार अठ्ठावन्नपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं नव्हतं.