ताहेराबीचे आठ तास

२०१६च्या उन्हाळ्यात बीड बायपासमागच्या आमच्या वसाहतीत रोज एक घर उभं राहत होतं आणि पाणी आठवड्यातून एकदा येत होतं, तेही टँकरनं. ज्यांना वर्गणी झेपत नव्हती त्यांच्यासाठी पाणी समितीनं सोय काढली होती. वसाहतीसाठी चार तास राबा, एक ड्रम पाणी न्या. नाली उपसा, अंगणवाडी झाडा, खड्डे बुजवा. हजेरी मी लिहायचे. तीस वर्षं कारकुनी केलेल्या प्रमोदिनीच्या हाती रजिस्टर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं आमचे हे म्हणायचे.

ताहेराबी मागच्या गल्लीत सून झेबासोबत राहायची. साठी उलटलेली. अंगणवाडी झाडून पाणी न्यायची. त्या उन्हाळ्यात तिचे गुडघे धरले आणि झाडू सुटला. पण वसाहतीतली कुणी मुसलमान बाई वारली की मयताला आंघोळ घालायला ती तशीच लंगडत जायची. इलियास रिक्षावाल्याची आई गेली, आठवड्यानं त्याची मावशी गेली. दोन्ही वेळा तिची अख्खी सकाळ तिथंच गेली.

ही वसाहतीची सेवा नाही तर काय? तिला न विचारता मी लिहून टाकलं, 'मयताची आंघोळ, आठ तास.' दोन ड्रम पाणी पाठवलं. आपलं मन किती मोठं, म्हणून दिवसभर खुशीत होते मी.

पुढच्या टँकरला झेबा मागच्या दोन ड्रमांची सही करायला आली, तेव्हा तिनं ती ओळ वाचली. तासाभरात ताहेराबी माझ्या दारात.

"बाई, हे काय लिवलं? मयताच्या आंघोळीचं काय घेत नसतात. ते अल्लाच्या वास्ते असतं. तुमी तर माझा सवाब, माझं पुण्य ड्रमात भरून दिलं."

"अहो, पाणी तर वापरून झालं ना?"

"म्हणून तर म्हणते. ते खोडा. दुसरं काम द्या."

"नालीच उरलीय."

"मग नाली."

माझं डोकं फिरलं. केलेल्या उपकाराची ही परतफेड! "एवढा तोरा असेल तर उपसा आठ तास," मी म्हणाले आणि तिच्यासमोर ओळ खोडली.

"व्हय, उपसते की," ती शांतपणे म्हणाली.

मे महिना होता. दोन-दोन तास करा, उन्हं उतरल्यावर या, एवढं सांगायला माझी जीभ झिजली नसती. पण मी रुसून घरात बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती नालीत उतरली. दुपारी दोनला काठावर पडलेली सापडली, फावडं शेजारीच. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिला आंघोळ झेबानं घातली. सासूच्या हाताखाली तीच तेवढी शिकली होती. घरात पाणी नव्हतं; आदल्या दिवशीच्या टँकरला त्यांच्या नावावर तासच नव्हते आणि पुढचा टँकर पाच-सहा दिवसांनी येणार होता. मी आमचा भरलेला ड्रम ढकलत नेला. झेबानं डोळे पुसले.

"काकू, लई उपकार झाले. पण हे लिवू नका."

नाही लिहिलं. सकाळी पदर खोचून नालीत उतरले आणि राहिलेला एक तास उपसला. घरी येऊन रजिस्टर उघडलं, ताहेराबीच्या नावापुढं आठ तास लिहिले. या वेळी 'खोडा' म्हणायला कुणी आलं नाही.