वर्षाच्या आत

आमच्या गच्चीवर एक मांडव आहे. माझा मुलगा हितेश त्याला ग्रीनहाऊस म्हणतो. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर जाड प्लास्टिक, चारी बाजूंना बारीक जाळी आणि आत मातीचे ड्रम. माझी बायको पुतळा त्याला मांडव म्हणायची, म्हणून सून भाविका आणि मीही मांडवच म्हणतो. पुतळा मार्गशीर्षात गेली. मांडव राहिला.

तो बांधला होता तिच्या शिराळ्यासाठी. आधी वेल उघड्या गच्चीवर असायचा. पण फळमाशी आली की बोटाएवढ्या शिराळ्याला डंख मारायची आणि आत अळ्या व्हायच्या. पुतळा रडकुंडीला यायची. मग हितेशने जाळी लावून दिली, आणि माशी बंद झाली.

हे शिराळं बाजारातलं नव्हे. आखूड, जाडं, शिरा बोथट. जवळा घालून केलं की दुसरं काही नको. पुतळाचं माहेर दिघ्याचं, आणि बी तिच्या आईकडून आलेलं. आता दिघ्याला घराला घर लागलंय, वेल लावायला माती नाही. आमच्या नेरूळच्या शेतावर बिल्डिंगी झाल्या. म्हणजे ते बी फक्त आमच्या गच्चीवर उरलं होतं. त्यात मागच्या वर्षी पुतळा आजारी होती, तेव्हा वेल लावलाच नाही. ती बी राखेत ठेवायची. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरातली राखेची बरणी उपडी केली. मूठभर काळं बी निघालं, तेही जुनं. पुतळा म्हणायची, "तिसऱ्या पावसाचा बी म्हंजे म्हातारा नवरा. मांडवात उभा राहतो, पुडं काय नाय."

यंदाचा पाऊस चुकला की बी संपलं. मी ठरवलं, संपू द्यायचं नाही.

मी शेतकऱ्याचा मुलगा असलो तरी जन्म कंपनीत फिटर म्हणून गेला. झाडांचं सगळं ती बघायची. मला नळ, पाइप आणि नटबोल्ट कळतात. तेवढ्यावर सुरुवात केली.

आजारपणातही तिने लावलेले टोमॅटो थंडीत उभे होते. मी पाणी घातलं, काठ्या बांधल्या. टोमॅटो धरले. मेथीही झाली. पहिली जुडी खुडली त्या दिवशी मी ती कोणाला दाखवायला खाली घेऊन आलो आणि जिन्यातच थांबलो. मग भाविकाच्या हातात दिली. ती म्हणाली, "बाबा, मस्त झालीय." मी परत वर गेलो.

उन्हाळ्यात मांडव म्हणजे भट्टी. प्लास्टिकवर हिरवी शेडनेट ओढली, खाली गोणपाटं ओली करून टाकली. तरी माठाची भाजी आणि मिरची सोडली तर बाकी सगळं जळलं. हितेश म्हणाला, "बाबा, एवढा त्रास कशाला? टेन्शन घेऊ नका. शिराळ्याचं पाकीट आणतो मार्केटमधून."

"त्या पाकिटात आईचं बी असतं काय?"

"नसतं."

"मग जा कामाला."

मृगात मी सगळं बी पेरलं. एकही मागे ठेवलं नाही. ठेवून काय करणार? पुष्कळसं कुजलं. दोन रोपं वर आली आणि दोन्ही मी राखली. पावसाने प्लास्टिक फाडलं, मी पट्टी लावली. पानांवर भुरीची पांढरी पूड आली, मी पानं तोडली, वारं खेळावं म्हणून वरची झडप उघडी ठेवली, पण झडपेलाही जाळी लावली. माशी आत येऊ दिली नाही. श्रावण लागायच्या आधी वेल छताला टेकले आणि पिवळी फुलं आली. आधी झुबक्याने. मग एकेकटी, ज्यांच्या देठाशी करंगळीएवढं शिराळं असतं.

आणि ती शिराळी पिवळी पडून गळायला लागली.

एक गळलं, म्हटलं असू दे. मग रोज गळायला लागली. सुकट धुतलेलं पाणी घातलं. नर्सरीवाल्याने एक पावडर दिली, ती घातली. वेल आणखी माजला, फळ मात्र धरेना. संध्याकाळी फुलं उमलायची, सकाळी मिटायची, आणि दोन-तीन दिवसांनी खाली मऊ पिवळी करंगळी पडलेली असायची.

भाविका गच्चीवर कपडे काढायला आली होती. तिने खाली पडलेलं एक उचललं.

"बाबा, आई असत्या तर आतापर्यंत यांची लग्नं लावून मोकळ्या झाल्या असत्या."

"कसली लग्नं?"

"असं काय करता? दिवे लागले की त्या वर यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, मांडवात लगीन हाय, जाऊन येतंय."

हे मला माहीत होतं. पुतळा गावात धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजीआधी बायका धवले गाऊन लग्न लावतात. मुख्य गाणारी ती धवलारीण. पुतळाला गाण्याची सवय होती, म्हणून ती झाडांजवळही गायची, असं मी समजत होतो. खालून आवाज यायचा. मी टीव्ही बघत असायचो.

मी भाविकाला म्हटलं, "यंदा आपल्या घरात शुभकार्य नाही. वर्ष झालेलं नाही. गाणं नाही, हळद नाही, लग्न नाही. कोणाचंच."

"वेलीचं पण?"

"घर एकच ना?"

ती कपड्यांकडे वळली. मी खरंच तसं मानत होतो. त्या वर्षात मी एकाही लग्नाच्या मांडवात पाय ठेवला नव्हता. सख्ख्या पुतण्याच्या, मिथुनच्या, हळदीलाही गेलो नाही. आणि आपल्याच गच्चीवर लग्न लावायचं? मी मनाशी म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू. वेल तोवर टिकवायचे. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं. पण वेल खालून वाळायला लागले होते. शिराळ्याचा वेल मार्गशीर्षापर्यंत थांबत नाही, हे मलाही दिसत होतं.

गणपतीच्या आधी यशोदाबाई आली. ही पुतळाची मावशी, दिघ्याची. पुतळाला धवले तिनेच शिकवले. गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे. आल्या आल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "जावय, माज्या बहिनीचा शिराला कुठं हाय? मना खायाला घाला."

"मावशी, यंदा नाही धरलं."

"कसा नाय धरला? फुला नाय आली?"

"फुलं ढीगभर आली. लग्न नाही लावलं." आणि मी वर्षाचं सांगितलं.

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"जावय, तुमाना कोनी शिकवला? घरात मानूस गेला का लगीन वर्साच्या आत उरकायचा. नाय उरकला तं तीन वर्सा थांबायचा. हा रिवाज हाय. तुमी अर्दाच रिवाज धरलाव."

हे मला माहीत होतं. माझ्या चुलत बहिणीचं लग्न असंच, काका गेल्यावर घाईने उरकलं होतं. आणि तीन वर्षं थांबणारं बी माझ्याकडे नव्हतं.

"पण आता चातुर्मास आहे. मुहूर्त कुठे असतो?"

"शिराल्याला कसला चातुर्मास? त्याचा मुहूर्त दिवं लागायचा."

"आणि मी असा. बायको नसलेला माणूस."

आता ती हसली नाही. "माजा मानूस गेला त्याच्यामागं मी गावभर लग्ना लावली. मना कोनी अडवला नाय. तुमाना कोन अडवतं?"

"मग चला, तुम्ही लावा."

"मना जिना चढवत नाय. आनि झाडाचा लगीन मना नाय येत. ती काय करायची ती तिलाच ठावं. मी मानसांची लावतंय."

हे ऐकून मी गार झालो. रिवाज मोकळा झाला, पण करायचं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. नुसतं गाऊन फळ धरत असतं, तर नर्सरीवाल्याने पावडर विकली नसती.

मी वर गेलो आणि ड्रमच्या काठावर बसलो. मशीन बंद पडली की आम्ही फिटर एकच विचारतो, चालू होती तेव्हा कोण काय करत होतं? मी पुतळाला आठवायला लागलो. ती वर जायची. गाणं ऐकू यायचं. खाली यायची, हात धुवायची. हात धुवायची, कारण बोटं पिवळी असायची. मी एकदा चेष्टा केली होती, "कोणाला हळद लावून आलीस?" ती म्हणाली होती, "तुमाना काय, तुमची लागलीय कवाच."

ती हळद नव्हती. घरात हळद खाली असते, गच्चीवर नाही.

दिवे लागायची वेळ झाली. फुलं उमलत होती. मी झुबक्यातल्या फुलाला बोट लावलं. बोट पिवळं झालं. एकट्या फुलाला, शिराळ्याच्या टोकावरच्या, लावलं. काही नाही, नुसतं चिकट. झुबक्यातलं फूल नवरा, एकटं ते नवरी. आणि मधे जाळी. मधमाशी जिथून येणार, ती वाट आम्ही माशीसाठी बंद केलेली. म्हणून पुतळा रोज संध्याकाळी वर यायची. आमच्या मांडवात मधमाशीचं काम ती करत होती.

मी कठड्यावरून खाली ओरडलो, "मावशी, धवला म्हणा! नवरा मिळाला!"

"बाय गं! येडा झाला वाटतं जावय," ती भाविकाला म्हणाली. पण तिने सुरुवात केली. म्हातारा, फाटका आवाज जिन्यातून वर आला. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. मी झुबक्यातलं फूल तोडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि नवरीच्या फुलावर हलकेच टेकवलं. फिटरचा हात जड. एक फूल मोडलंच. दुसरं केलं, तिसरं केलं. त्या संध्याकाळी उमललेली एकही नवरी मी सोडली नाही.

खाली आलो तेव्हा बोटं पिवळी होती. हात धुवायला वेळ लागला.

एवढ्याने सगळी धरली असं नाही. वेल म्हातारे झाले होते, बहुतेक गळली. मी रोज संध्याकाळी वर जात राहिलो. शेवटी तीन राहिली. हितेशने दोन मागितली, मी एक दिलं. ते भाविकाने जवळा घालून केलं, आणि हितेशने भांडं पुसून घेतलं. दुसरं यशोदाबाईला पाठवलं. तिसऱ्याला मी लाल चिंधी बांधली आणि सगळ्यांना सांगितलं, याला हात लावाल तर याद राखा. वेल सुकला तसं तेही वेलावरच सुकत गेलं, तपकिरी, हलकं झालं.

वर्षश्राद्धाला भावकी जमली. कोणीतरी म्हणालं, वहिनीला शिराळं आवडायचं, पानात तिच्या बागेतलं ठेवायला पाहिजे. मी नाही म्हटलं. तिच्या पानात मेथी ठेवली, त्याच मांडवातली.

जेवणं झाल्यावर मी सुकलेलं शिराळं खाली आणलं आणि यशोदाबाईच्या कानाशी हलवलं. आत बी खुळखुळलं. तिने माझा हात धरून परत हलवायला लावलं.

मी टोक मोडलं आणि बी ताटात ओतलं. काळं, टपोरं, नवं. अर्धं राखेत घातलं. अर्धं पुडीत बांधून तिच्या हातात दिलं.

"दिघ्याला माती कुठं हाय, जावय?"

"मृगाच्या आधी मी ड्रम आणि माती घेऊन येतो. तुमच्या गॅलरीत पाइप लावून देतो. आणि जाळी नको, रोज लग्नं लावायला तुम्हाला उभं राहवत नाही. फळमाशी लागू नये म्हणून शिराळ्यांना कागदाच्या पिशव्या घालू. मधमाशी येईल ती येईल."

"आनि नाय आली तं?"

"तर मी येईन."

तिने पुडी कनवटीला खोचली. "पुतलानं जाता जाता धवलारीन करून ठेवली तुमची," ती म्हणाली आणि उठायला माझा हात मागितला.

तिला रिक्षात बसवून मी परत गच्चीवर गेलो. मांडवात नव्याने लावलेल्या काकडीला पहिली फुलं आली होती. काकडीची सकाळी उमलतात, हे आता मला माहीत आहे. मी पाणी घातलं, झडप लावली आणि गजर लावून ठेवला.