सागरमुनीला कोणी शिकवलं?

छप्पन्न सालच्या पौषातली ती सकाळ. रेवदंड्याच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा वाळूवरच्या मांडवात, लाकडी पेटीवर बसवलेल्या पितळी डोक्याकडे. डोळ्यांच्या जागी लाल दिवे.

"बोला, सागरमुनी की जय!" प्रोफेसर दिनानाथ गरजला. अंगात काळा कोट, कपाळाला भस्म. "विलायतेत घडलेला, हिमालयात सिद्ध झालेला! याला भूक नाही, झोप नाही, दमा नाही, बायको नाही, म्हणून चूक नाही!"

"बायको नाय म्हनून तर येवढं बोलतंय," गर्दीतली केसर कोळीण मागून पुटपुटली.

होडीचा मालक काळूराम तांडेल पुढे वाकला. "मुनी, घोळ मासली कुठं गावंल?"

दिवे लुकलुकले. पेटीतून घोगरा आवाज आला, "डोंगर दिसेनासा झाला की जाळं टाक. नीराच्या खडकाबाहेर."

"नीराचा खडक कंचा रं?" गर्दीत कुजबुज झाली.

"मुनींची भाषा गूढ असते!" दिनानाथ घाईघाईने म्हणाला. गूढ असो नसो, दर होडीतली पहिली घोळ मात्र प्रोफेसरच्या टोपलीत पडत होती.

कडेला सुकटाची पाटी घेऊन उभ्या असलेल्या बायजाने चमकून मुनीकडे पाहिलं. नीरा म्हणजे तिची आई. ती गेल्यावर बायजाच्या बापाने, कोंडाजीने, समुद्रातल्या एका खडकाला तिचं नाव दिलं होतं. गावाला ते ठाऊक नव्हतं. तो फक्त घरात म्हणायचा.

चाळीस वर्षं कोंडाजी होडीवरचा कान होता. आधी काळूरामच्या बापाच्या होडीवर, मग काळूरामच्या. भर समुद्रात होडी थांबवायची, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांड्याला कान लावायचा. खाली घोळीचा थवा असला की बेडकांसारखी कुरकुर दांड्यातून वर येते. कोंडाजी बोट दाखवायचा, तिकडे जाळं पडायचं. दिवाळीत मुनी आला आणि काळूराम म्हणाला, "आबा, आता तुमी आराम करा." तेव्हापासून म्हातारा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसे. ताटातलं निम्मं ताटात राही.

त्याच्याशी बोलणारा एकच होता. तंबाखू विकणारा शिवदास, पन्नाशीचा परगावचा माणूस. रोज दुपारी यायचा, विडी पुढे करायचा आणि विचारायचा, "आबा, अमावास्येला घोळ कुठं सरकते?" म्हातारा फुलायचा. बायजा त्या माणसाला मनोमन दुवा देत चहा टाकायची.

घरात येऊन ते नाव ऐकणारा बाहेरचा माणूस तोच एक होता. शिवदास चोर ठरला, तर बापाचा शेवटचा सोबती जाणार. गप्प बसलं, तर गाव असंच हात जोडून राहणार. पण नुसत्या संशयावर कोणाला चोर कसं म्हणायचं? आधी खात्री करायला हवी होती.

त्या दुपारी बाप आंघोळीला गेलेला पाहून, शिवदासपुढे कप धरत ती सहज म्हणाली, "बाबा सांगत व्हता, यंदा मासली पोपटखडकाकडं जास्त हाय."

असा खडक अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या सकाळी मुनी घोगरला, "पोपटखडकाकडे जा!"

"काळूदादा," बायजा पुढे झाली, "तो खडक मी काल चहाबरूबर केला."

तिने पेटीखालची चटई उचलली. खाली रबरी नळी होती. तिच्यामागोमाग लोक वाळू उकरत गेले, थेट जाळ्यांच्या खोपीपर्यंत. आत नळीच्या तोंडाला नरसाळं आणि नरसाळ्याच्या तोंडाशी शिवदास, मांडीवर वही उघडी. पेटीत होती ती दिव्यांची बॅटरी.

दिनानाथला पळायलाही जागा मिळाली नाही. काळूराम मात्र खालमानेने म्हणाला, "पन मासली तर गावत व्हती ना, बाय?"

"गावत व्हती, कारन इद्या बाबाची व्हती. आनि पंधरा दिस झाले, जाली निम्मी रिकामी का येतात? मासली जागा बदलते, दादा. नवं आयकायला तुझ्या होडीत कोन हाय?"

काळूराम ओसरीवर आला, म्हाताऱ्याच्या पायांशी बसला. "आबा, उद्या चला."

कोंडाजीने लेकीकडे पाहिलं. "शिवदास बी त्यांच्यातला?"

बायजाने होकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्याने तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.

"त्या पेटीला रोज हात जोडून इचारीत व्हतात," तो म्हणाला. "मना एक डाव इचारलं असतंत, तर काय सांगलं नसतं?"

तो पुन्हा होडीवर चढला नाही. शिमग्याआधीच गेला.

डोकं पितळेचं असो की सोन्याचं, ते बोलू लागलं की हात जोडण्याआधी विचारावं: याला हे शिकवलं कोणी? आणि तो शिकवणारा आज कुठे बसला आहे? नळी शोधायला मोठी विद्या लागत नाही, वाकून चटई उचलली की पुरे. त्या शिकवणाऱ्याच्या ओसरीवर मात्र वेळेत जावं लागतं.