नारिंगी रेघ

"मित्रहो, इतिहास आज आपल्या दारात उभा आहे," असं म्हणून लिंडहोम कॉलेजचे अध्यक्ष डॉ. हॉल्मग्रेन पाणी प्यायला थांबले. नेमकं त्याच वेळी सभागृहाचं दार उघडलं आणि टोपीवाला एक घामेजलेला माणूस आत डोकावून म्हणाला, "बारा सँडविचं कुणाची?"

अध्यक्षांनी क्षणभर त्याच्याकडे आदराने पाहिलं. माणूस मेक्सिकन होता, त्यामुळे तो इतिहास नाहीच असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मग कुणीतरी उठून सँडविचं घेतली, इतिहास जिना उतरून गेला आणि सभा पुढे सुरू झाली.

पडद्यावर आलेख होता. निळी रेघ म्हणजे नेब्रास्कातली गोरी मुलं. ती दरवर्षी थोडी थोडी उतरत आता कोपऱ्यात लोळण घेत होती. नारिंगी रेघ म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडून आलेल्यांची मुलं. ती तरण्या बोकडासारखी टेकाड चढत होती. कॉलेज काढलं होतं स्वीडिश शेतकऱ्यांनी, स्वीडिश शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. पण स्वीडिश शेतकऱ्यांना हल्ली मुलं होत नव्हती. झालंच तर एक व्हायचं आणि तेही कॅलिफोर्नियाला निघून जायचं. तेव्हा कॉलेजचे दिवे जळते ठेवायचे तर आता नारिंगी तेलावरच, हे टेबलाभोवतीच्या बाराही जणांना मनोमन पटलेलं होतं.

अध्यक्ष "नारिंगी रेघ" म्हणाले की अकरा माना वळायच्या आणि बाराव्याकडे, म्हणजे फिदेन्सियो आर्रेदोन्दोकडे, बघून मायेने हसायच्या. जणू ती सगळी पोरं त्याने एकट्याने जन्माला घातली होती. वस्तुस्थिती अशी होती की त्या रेघेला फिदेन्सियोचा वैयक्तिक हातभार शून्य होता. वय अठ्ठावन्न. लग्न नाही, मूल नाही. बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानावर भाड्याची एक खोली, खोलीत एक खुर्ची.

एकोणीस वर्षं तो कॉलेजची बस चालवत होता. मग सहा वर्षांपूर्वी कॉलेजने नारिंगी लोकांसाठी त्यांच्या भाषेत एक रंगीत पुस्तिका छापली. मुखपृष्ठावर दोरीला बांधलेली एक मुलगी खोट्या कड्यावर चढताना हसत होती. पुस्तिका घरोघर गेल्या, आया-आज्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला: ही पोर भिंतीला लोंबकळतेय तर हिची आई कुठे आहे? त्या वर्षी एकही अर्ज आला नाही. तेव्हा कुणाला तरी आठवलं की बसच्या ड्रायव्हरला ती भाषा येते. ड्रायव्हरचा एका दिवसात कुटुंब-संपर्क अधिकारी झाला. त्याला टाय मिळाला.

टाय त्याने खिशात ठेवला आणि स्वतःची पद्धत काढली. इतर कॉलेजांची माणसं मुलांना शाळेत गाठून व्यायामशाळेचे फोटो दाखवत. फिदेन्सियो रविवारी दुपारी घरी जायचा, बैठकीत न बसता सरळ स्वयंपाकघरात. बसा म्हणतील त्या खुर्चीवर बसायचं. मक्याची दुसरी टॉर्टिया वाढली तर नको म्हणायचं नाही. कॉफी येईपर्यंत कॉलेजचं नाव काढायचं नाही, आणि मुलीशी बोलायचं सगळ्यांत शेवटी. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं की कॉलेजात मुलगी जात नसते, घर जातं. फॉर्मसुद्धा तो कागदाचाच घ्यायचा. ऑफिसातल्या पोरींनी सांगून पाहिलं की आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. तो म्हणाला, पडद्यावर बोट फिरवून पोरगी घरातून निघत नाही, बापाने सही करताना हात थरथरावा लागतो.

सहा वर्षांत एकेचाळीस पोरं आली. अध्यक्षांनी एकदा भर सभेत त्याची पाठ थोपटली. पण एक हिशेब अध्यक्षांच्या पडद्यावर कधी आला नाही. सही झाली की काम झालं, आणि काम झालं की त्या घरी जायचं कारण संपलं. एकेचाळीस पोरं आली, तशी एकेचाळीस स्वयंपाकघरं फिदेन्सियोला बंद झाली.

बेचाळिसावं घर वेल्डनमधलं ओल्मोसांचं.

वेल्डन हे कत्तलखान्याचं गाव. वीस वर्षांपूर्वी तिथली शाळा बंद करायला एक समिती नेमली होती, कारण पहिलीच्या वर्गात तीन मुलं उरली होती आणि त्यांतली दोन जुळी. समितीचा अहवाल तयार होईपर्यंत कत्तलखाना आला, कत्तलखान्यामागून माणसं आली, माणसांमागून पोरं. आता मैदानावर चाकांच्या खोल्या आणून वर्ग भरवतात. समिती अजून तीच आहे, फक्त तिचं नाव शाळा-विस्तार समिती झालं आहे.

या शाळेत यारेत्झी ओल्मोस पहिली आली होती. वय सतरा. बाप निकानोर कत्तलखान्यात गाईंच्या बरगड्या कापायचा. अठरा वर्षं सुरा धरून त्याचा हात आता पुरता मिटत नसे आणि तोंड सहसा उघडत नसे. आई मारिसेला लेकीने जावं म्हणून आतून तळमळत होती, पण सासूपुढे चकार शब्द काढत नव्हती. सासू म्हणजे ओब्दुलियाआजी. तिने फिदेन्सियोला पहिल्याच रविवारी नाव ठेवलं.

"आला गं स्वीडनचा जावई," ती गॅसकडे तोंड करून म्हणायची. "टॉर्टिया टाक. सासुरवाडीला उपाशी ठेवतात वाटतं ह्याला."

एखाद्याला राग आला असता. फिदेन्सियोला मात्र आपल्याला कुणाचा तरी जावई म्हटलं जातंय, याचंच अप्रूप होतं. ऑक्टोबरपासून तो महिन्यातून एखाद-दोन रविवारी जात राहिला. कुठली खुर्ची डुगडुगते हे त्याला कळलं, कुठल्या डब्यात सुक्या मिरच्या असतात ते कळलं, आणि आजीची कवळी दुखायला लागली की ती वाढताना भांडी आपटते हेही कळलं. आजीचा आक्षेप शिकण्याला नव्हताच. पोर रविवारी कुठे असेल, एवढाच तिचा सवाल होता. फिदेन्सियोने शब्द दिला की रविवारी ती याच टेबलापाशी असेल. वेल्डनची चार पोरं आधीच कॉलेजात आहेत, त्यांतल्या एकीकडे गाडी आहे, दर रविवारी सगळी मिळून येतील. हे सगळं त्याने खरोखरच जुळवून ठेवलं होतं.

चार फेऱ्यांत होणारं काम. सहाव्या फेरीला तर निकानोरने जेवण झाल्यावर हात पुसले, खिशातून पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं.

फिदेन्सियोने पेन पाहिलं आणि मेक्सिकोतल्या दुष्काळाविषयी बोलायला सुरुवात केली.

दुष्काळ बराच लांबला. कॉफी संपली, आजीला डुलकी लागली, तेव्हा निकानोरने पेन उचलून परत खिशात ठेवलं. सातव्या रविवारी फिदेन्सियो फॉर्म विसरला. आठव्यालाही विसरला. जाताना खोलीवरच्या आरशात त्याने स्वतःला समजावलं की घाई केली तर बाप बिथरेल. आरशाला ते पटलं नाही, पण आरसा भाड्याच्या खोलीचा होता, त्याच्या मताला किंमत नव्हती.

नववा रविवार एप्रिलचा शेवटचा. एक मे ही फॉर्मची अखेरची तारीख. त्या दिवशी मारिसेलाने मक्याचं आणि मटणाचं पोसोले केलं होतं. जेवण झाल्यावर यारेत्झी मोरीपाशी भांडी विसळायला उभी राहिली आणि फिदेन्सियो सवयीने पुसायला. बाकीचे टेबलाशी आजीच्या भाचीच्या घटस्फोटाची चिरफाड करत होते. पोरीने पाण्याचा नळ मोठा सोडला.

"फिदेकाका, फॉर्म आणलाय आज?"

तो म्हणाला, निघताना जरा गडबडच झाली.

"बॅगेत आहे तो," ती बशीवरची नजर न हलवता म्हणाली. "मागल्या वेळी आजीनं तुमची बॅग खुर्चीवरनं उचलली ना, तेव्हाच दिसला मला. निळ्या फायलीत. माझं नावसुद्धा लिहिलंय वर."

फिदेन्सियो बशी पुसत राहिला. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"मी तिथं चालणार नाही असं वाटतं का तुम्हाला? तसं असलं तर सांगून टाका. मी काही रडणारबिडणार नाही. कत्तलखान्याच्या ऑफिसात एक जागा निघालीय, बाबांनी विचारून ठेवलंय. फक्त मला असं लटकत नका ठेवू."

एवढ्या महिन्यांत फिदेन्सियोने सगळ्यांचा विचार केला होता. बाप कधी वळेल, आजी कधी नमेल, पोसोलेत लिंबू कधी पिळावं. ही पोर रोज शाळेतून येऊन, आपल्यातच काही कमी आहे, असं धरून बसली असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

"पोरी," तो म्हणाला, "तू त्या अख्ख्या कॉलेजपेक्षा हुशार आहेस. अध्यक्षांना मिळवून."

"मग?"

"मग काही नाही. तुमच्या घरची चटणी चांगली असते."

यारेत्झीने नळ बंद केला आणि त्याच्याकडे बघितलं. सतराव्या वर्षी माणसाला बीजगणित कळतं, हे कळतंच असं नाही. तिने त्याच्या हातातलं फडकं घेतलं, खुंटीला अडकवलं आणि त्याची बॅग आणून त्याच्या हातात दिली.

सहीला बराच वेळ लागला. निकानोरच्या बोटांत पेन नीट ठरत नव्हतं. त्याने ते सुऱ्यासारखं मुठीत धरलं. "नाव लिही, बरगडी काढू नकोस," असं आजी म्हणाली. मग तिने कागद आपल्याकडे ओढला आणि फर्मावलं की मागच्या बाजूला लिहून दे, रविवारी पोर घरी. फिदेन्सियोने सरकारी अक्षरात लिहिलं, "दर रविवारी," आणि खाली सही ठोकली. मारिसेला एकदम उठली आणि भरलेल्या पातेल्याखालचा विझलेला गॅस पुन्हा विझवून आली.

फिदेन्सियो तीन टॉर्टियांच्या वर कधी जात नसे. त्या दिवशी जेवण उरकलेलं असूनही त्याने आणखी एक मागून घेतली आणि नुसतीच, मीठ लावून, सावकाश खाल्ली.

सप्टेंबरच्या सभेत अध्यक्षांनी बेचाळीस हा आकडा जाहीर केला. टाळ्या पडल्या, अकरा माना वळल्या. यारेत्झी त्याला दोन-तीनदा आवारात दिसली. एकदा तिने लांबून हात केला, एकदा मैत्रिणींच्या घोळक्यात तिचं लक्ष नव्हतं. रविवारी सकाळी त्याच्या खिडकीखालून वेल्डनच्या पोरांची गाडी गाणी लावून जायची. गाडी गेली की तो डब्यातले बीन्स गरम करायचा आणि खिडकीशी उभ्याने खायचा. नव्या मोसमाची नवी घरं यादीत होती. पण नव्या घरात सगळ्याच खुर्च्या धड वाटतात.

पाच रविवार त्याने काढले. सहाव्याला तो वेल्डनला गेला.

ओल्मोसांच्या अंगणात माणसंच माणसं होती. निकानोरचा मेव्हणा कॅन्सासहून सहकुटुंब आलेला होता, शेगडीवर मांस भाजत होतं. स्वयंपाकघरात यारेत्झी मधोमध बसून हातवारे करत काहीतरी सांगत होती. कॉलेजच्या स्थापना-दिनाला स्वीडिश पद्धतीचा सिरक्यात मुरवलेला गोडसर मासा वाढला होता, त्याची एक बाटली तिने घरी आणली होती. आजीने हुंगून ती मांजरापुढे ठेवली होती आणि मांजर तेव्हापासून घरात आलं नव्हतं. सगळे पोट धरून हसत होते. फिदेन्सियोही दारात उभा राहून हसला.

मारिसेलाचं लक्ष गेलं. तिचा चेहरा खरोखर उजळला. हात पुसत ती पुढे आली.

"अगंबाई, फिदेभाऊ. या ना. काय काम काढलंत?"

नऊ रविवारांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, सहजच, इकडून चाललो होतो. वेल्डनवरून पुढे रस्ता कुठेच जात नाही. पुढे कत्तलखाना आणि त्यापुढे नुसता मका. पण मारिसेला भल्या घरची, तिने मान डोलावली. यारेत्झी उठून गळ्यात पडली, अभ्यास फार असतो म्हणाली, आणि आजीने विचारलं की स्वीडनचे लोक तो मासा शिक्षा म्हणून खातात का. आजी उठून त्याला खुर्ची बघायला लागली, पण सगळ्या खुर्च्यांवर कॅन्सास बसलं होतं. डुगडुगणाऱ्या खुर्चीवर दोन मुलं होती.

बसत नाही, घाईत आहे, असं तो म्हणाला. मारिसेलाने त्याला तसं सोडलं नाही. तिने मांस, भात, चटणी सगळं चांदीच्या कागदात घट्ट बांधून त्याच्या हातात दिलं. गरम आहे तोवर घरी जाऊन खा, असं तिने दोनदा बजावलं.

फाटकापर्यंत तो पोचला असेल नसेल, मागून पावलं वाजली. निकानोर. आजवर तो कधी त्याला पोचवायला उठला नव्हता. निकानोरने आपला न मिटणारा हात फिदेन्सियोच्या खांद्यावर ठेवला. त्याला काहीतरी बोलायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. त्याने घसा खाकरला, रस्त्याकडे पाहिलं, परत घसा खाकरला. फिदेन्सियोने हातातलं गरम पुडकं छातीशी धरलं आणि वाट पाहिली.

"फिदेभाऊ," निकानोर म्हणाला, "तुमची गाडी जरा पुढं घेता का? मेव्हण्याला बर्फ आणायला जायचंय."